व्हायोलिन वाजवणं हाच व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात व्हायोलिन वाजवते आणि सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर शिकवते. कार्यक्रम संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असताना, मला तेच ते प्रश्न विचारले गेले आहेत. एकदा बसून उत्तरं लिहून काढली. क्रमाला काही अर्थ नाही, जसे आठवले तसे लिहिलेत.

ते झालं हो, पण तुम्ही करता काय?

हेच.

व्हायोलिन तर साहेबाचं वाद्य. त्यावर राग कसे वाजतात?

साहेबाचं खरं, पण आपल्याकडे येऊन त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. कर्नाटक संगीतात ते रुजवण्याचं श्रेय बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांना देतात. ते मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू. युरोपीय वादकाकडून ते हे वाद्य शिकले आणि आपलं गाणं त्यावर बसवलं. आज दक्षिणेत व्हायोलिनच्या साथीशिवाय गायनाची कचेरी, म्हणजे मैफल, सहसा होत नाही.

आपल्या उत्तरेकडच्या संगीतात ते उशिरा स्थिरावलं, आणि त्यात मराठी माणसांचा हात मोठा आहे. गजाननराव जोशी (१९११–१९८७) गायक म्हणून जेवढे मोठे, तेवढेच व्हायोलिनवादक म्हणून. वाईत जन्मलेले विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) पुढे कोलकात्यात स्थायिक झाले. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या ज्यांनी ऐकल्यात ते अजून त्याबद्दल बोलताना हातवारे करतात. दा. के. दातार (१९३२–२०१८) यांचं वादन म्हणजे डोळे मिटून ऐकलं तर कुणी गातंय असं वाटावं. आणि एन. राजम. त्या घरातल्या कर्नाटक परंपरेतून आल्या, ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या आणि गायकी अंग, म्हणजे गळ्यातून गावं तसं वाजवणं, व्हायोलिनवर असं आणलं की आमच्या पिढीतल्या मुलींना ‘बाईनं व्हायोलिन वाजवायचं का’ हा प्रश्न फारसा पडलाच नाही.

पुण्यापुरतं बोलायचं तर प्रभाकर जोगांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचा प्रांत सुगम संगीताचा. ‘गाणारं व्हायोलिन’ हे दोन शब्द इथे उच्चारले की लोकांना तेच आठवतात. गाण्यातला शब्द न् शब्द व्हायोलिनवर ऐकू आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह शास्त्रीय वाजवणाऱ्यांनीही उचलण्यासारखा आहे.

मांडी घालून का वाजवता? उभं राहून छान दिसतं की.

दिसत असेल. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरतात. आपण जमिनीवर बसतो, उजवं पाऊल थोडं पुढे घेतो आणि व्हायोलिनचं डोकं, म्हणजे ती कोरीव गुंडाळी, पावलावर टेकवतो. दुसरी बाजू छातीला, डाव्या खांद्याखाली. वाद्य दोन ठिकाणी पक्कं टेकलं की डावा हात मोकळा होतो, आणि तो मोकळा झाल्याशिवाय मींड येत नाही. मंद्र पंचमावरून मध्य षड्जापर्यंत एका बोटावर घसरत जायचं असेल तर त्याच हातानं वाद्य सावरत बसून चालत नाही.

एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही म्हणून सांगते. नवी रेशमी साडी नेसून वाजवू नये. पावलावरची गुंडाळी काठावरून सटकते. मी पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला आईची नारायणपेठ नेसले होते, ती धुऊन धुऊन मऊ झालेली होती म्हणून निभावलं.

त्यावर पडदे नाहीत, खुणा नाहीत. सूर नेमका सापडतो कसा?

हा खरा प्रश्न. हा विचारणाऱ्याला मी चहा पाजते.

सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनवर एक काळी गुळगुळीत पट्टी आणि चार तारा, बस्स. घोडीपासून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्यापासून, वरच्या टोकापर्यंत तार साधारण ३३ सेंटिमीटर. खालच्या सुरांत अर्ध्या सुराचं अंतर जवळजवळ १८ मिलिमीटर भरतं आणि एक सप्तक वर गेलं की ते निम्मं होतं. म्हणजे वर जाल तसे सूर एकमेकांना चिकटत जातात. खाली एखाद्या मिलिमीटरची चूक कदाचित खपेल, वर तीच चूक मागच्या रांगेतल्या आजोबांनाही कळते. पुण्यात तर हमखास कळते.

मग उपाय काय? सुरुवातीला काही शिक्षक पट्टीवर रंगीत टेप चिकटवतात. माझ्या गुरुजींनी पहिल्या दिवशी ती सोलून काढली होती. ‘डोळ्यांनी वाजवायचं असेल तर चित्रकला घे,’ म्हणाले. तेव्हा राग आला. आता मीही टेप सोलते, फक्त मुलांना आधी गायला लावते. गळ्यातून जो सूर निघत नाही तो बोटातून निघत नाही, निदान आपल्या संगीतात तरी. गायचं, तंबोऱ्यात मिसळतोय का ते ऐकायचं, मग तो बोटानं शोधायचा. काही महिन्यांनी बोट आधी पोचतं आणि कान नंतर होकार देतो. बेसूर लागलं की थांबून बोट उचलायचं नाही, तिथूनच सरकवून सुरात आणायचं. मैफलीत मोठे मोठे लोक हेच करतात, फक्त इतकं चटकन की तुम्हाला ती मींड वाटते.

यातली गोम पुढे आहे. सूर ‘नेमका’ म्हणजे कुठला नेमका? चांगल्या लावलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा बाजारातल्या साध्या पेटीचा शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो. अर्ध्या सुराचे १०० सेंट धरतात, त्यावरून अंदाज करा. त्यामुळे पेटीवर कान तयार झालेला मुलगा माझ्याकडे आला की यमनातला गंधार खाली उतरवायलाच दोन महिने जातात. दरबारीचा कोमल गंधार तर त्याहून वेगळा, तो आंदोलित, एका जागी न बसणारा. तो दाखवायला पडदे नसलेलं वाद्य हाती असणं हे भाग्यच म्हणायचं, ज्याला आपण सुरुवातीची चार वर्षं शिव्या घालतो.

तारा कशा मिळवता?

पाश्चात्त्य पद्धतीत चार तारांचे सूर ठरलेले. आपल्याकडे षड्ज-पंचमावर मिळवतात, कुणी सा-प-सा-प, कुणी प-सा-प-सा. गुरूप्रमाणे बदलतं. षड्ज साधारण पेटीच्या काळी एक ते काळी दोनच्या आसपास ठेवला की तारांवर ताणही बेताचा राहतो आणि आवाजही भरीव येतो. गायिकेची साथ करायची असेल तर तिची पट्टी तीच आपली पट्टी, मग तारा कुरकुरल्या तरी.

रोज किती तास रियाज करता?

विशीत सहा तास करत होते. आता तीन, त्यातला एक नुसता लांब गज, म्हणजे तारांवर फिरवायचा तो बो. एकच सूर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गज, मध्ये थरथर नको, शेवटी टोचणं नको. बघणाऱ्याला वेड लागेल इतकं कंटाळवाणं काम आहे. पण श्रोत्याला वादकाची ओळख पटते ती गजाच्या हातावरून. डावा हात सूर देतो, उजवा श्वास.

शेजाऱ्यांचं विचारत असाल तर दुपारी एक ते चार घोडीवर रबरी म्यूट चढवते. पेठेत राहून दुसरं काही परवडणारं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू मात्र तक्रार करत नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, ‘काल तो मारवा जरा लवकर आवरलास का गं?’

मुलांना कुठल्या वयात सुरू करावं आणि कसलं व्हायोलिन घ्यावं?

पाच-सहा वर्षांपासून सुरू करता येतं. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण अशा मापांत मिळतं, हाताच्या लांबीप्रमाणे घ्यायचं. ‘मोठं होईल तेव्हा उपयोगी पडेल’ म्हणून पूर्ण मापाचं घेऊ नका, तो शाळेचा गणवेश नाही.

सुरुवातीची बहुतेक वाद्यं चीनमध्ये बनलेली असतात आणि त्यात वाईट काही नाही. पाच-सात हजारांच्या वाद्यातही शिकता येतं, फक्त घोडी नीट बसवून घ्या आणि त्यावरच्या तारा काढून जरा बऱ्या तारा लावा. अर्धा फरक तिथेच पडतो. गजाला रोझिन, म्हणजे राळेची वडी, लावायला विसरू नका. नव्या गजाला रोझिन नसेल तर आवाजच येत नाही, आणि पालक मला रात्री दहा वाजता फोन करून वाद्य बिघडल्याचं सांगतात. गजाचे केस घोड्याचे असतात. त्यांना बोट लावायचं नाही, तेलकट होतात.

चांगलं दुरुस्त करणारा माणूस शोधणं हीच खरी अडचण. तंबोरा-सतारीला आपल्याला मिरज जवळ आहे. व्हायोलिनची घोडी कोरून देणारे, आतली साउंडपोस्ट नावाची लाकडी दांडी जागेवर बसवणारे हात फार थोडे. पावसाळ्यात सरसाचे सांधे सुटतात. ते फेव्हिकॉलनं चिकटवू नका, हात जोडून सांगते. सरस मुद्दाम असा असतो की पुढच्या वेळी वाद्य उघडता यावं.

डावखुऱ्या मुलाला उलटं वाजवू द्यावं का?

नको. दोन्ही हातांना भरपूर काम आहे, त्याला बरंच पडेल.

हिंदुस्थानी शिकवावं की पाश्चात्त्य?

तुमच्या घरात कानावर काय पडतं ते बघा. लष्कर भागात पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम असतात, मुलाला घेऊन एकदा जा. एकदा सवाई गंधर्व महोत्सवाला न्या. कुठे चुळबुळ कमी करतो ते बघा.

व्यवसाय म्हणून विचाराल तर दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. पाश्चात्त्य अभिजात वादकाचं घर म्हणजे वाद्यवृंद. आपल्याकडे व्यावसायिक म्हणावा असा, २००६ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात उभा राहिलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आणि त्यातही परदेशी वादक बरेच. म्हणजे पुढे युरोप-अमेरिकेची तयारी ठेवावी लागते. आपल्या संगीतात वादक एकटा बसतो. शेजारी तबला, मागे तंबोरा, समोर लोक. बाजूला लपायला पंधरा व्हायोलिनं नसतात. दोन्ही एकदम शिकवण्याचा उत्साह पालकांना असतो. बसण्याची पद्धत, तारा मिळवण्याची पद्धत, नोटेशन, सगळंच वेगळं. दहा वर्षांच्या पोराला ते झेपत नाही.

परीक्षा द्यायच्या का? विशारद झालं म्हणजे कलाकार झालं का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत आहेत. द्याव्यात, वेळापत्रक लागतं, रागांची नावं तोंडात बसतात. पुण्यात शिकण्याच्या जागांची कमी नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेलं भारत गायन समाज आहे, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये काढलेलं गांधर्व महाविद्यालय आहे, विद्यापीठातलं ललित कला केंद्र आहे. व्हायोलिनपुरतं बोलायचं तर अतुलकुमार उपाध्ये यांची व्हायोलिन अकादमी आणि त्यांचा स्वरझंकार महोत्सव आहे.

विशारद झालेली माझी एक विद्यार्थिनी आज बँकेत आहे आणि रविवारी सुरेख वाजवते. दुसरा एक परीक्षेला कधी बसलाच नाही, तो आज परदेश दौरे करतो. यावरून काय निष्कर्ष काढायचा तो काढा.

आकाशवाणीचं म्हणाल तर तिथली ध्वनिचाचणी मात्र आजही वजन राखून आहे. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी. पलीकडे बसलेल्यांना तुमचा चेहरा, साडी, आडनाव काही दिसत नाही. माझी पहिली चाचणी नापास झाली होती. कागदावर कारण नव्हतं. गुरुजींना ध्वनिफीत ऐकवली, ते म्हणाले, ‘सगळं बरोबर आहे, फक्त कुठेही थांबली नाहीस.’

तुम्ही सवाईत कधी वाजवणार?

हा प्रश्न बहुधा मावशी विचारते. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव इतका मोठा झालाय की पुण्यात कलाकाराचं मोजमाप एकाच प्रश्नात होतं. तिथे एका वर्षात मोजकेच कलाकार येणार, त्यात वाद्यवादक किती, त्यात व्हायोलिन किती! आयुष्य त्या एका तासाची वाट बघत काढलं तर बाकीच्या मैफली खोट्या ठरतात. मी नारद मंदिरातल्या साठ माणसांपुढे वाजवलेला पूरिया मला अजून आठवतो, कारण तो लागला होता.

सवाईवरून आठवलं. पूर्वी रमणबागेत महोत्सव रात्रभर चालायचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, राज्य सरकार वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, तेवढीच. याचा आम्हाला बसलेला फटका कुणी मोजत नाही: मालकंस, दरबारी, अडाणा हे उत्तररात्रीचे राग आता उघड्या मांडवात त्यांच्या वेळेवर वाजतच नाहीत. नवीन मुलं दरबारी संध्याकाळी सातला वाजवतात आणि त्यांना काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. पण दहानंतर झोपू इच्छिणाऱ्या माणसाशी भांडावं असंही वाटत नाही.

थंडीचं वेगळंच. डिसेंबरात मांडवात तारा आणि लाकूड दोन्ही हलतात, ग्रीनरूममध्ये मिळवलेलं वाद्य मंचावर जाईपर्यंत बदललेलं असतं. दिवाळी पहाटेला तर साडेपाचचा कार्यक्रम म्हणून चारला उठून कोमट पाण्यात बोटं बुडवायची.

यात पोट भरतं का?

भरतं. पण मंचावरच्या मानधनातून फार थोड्यांचं. माझ्या उत्पन्नाचा मोठा वाटा शिकवणीतून येतो, त्यातही आता बराच ऑनलाइन. न्यूजर्सीतली मुलं पहाटे साडेसहाला येतात, माझी पहाट. त्याखालोखाल साथ: नाट्यसंगीत, भावगीतांचे कार्यक्रम, नृत्य, तबल्याच्या स्वतंत्र वादनाला लेहरा. लेहरा म्हणजे चाळीस मिनिटं तीच ओळ, त्याच लयीत. लोकांना सोपं वाटतं. करून बघा.

गणेशोत्सव ते रामनवमी हा हंगाम. मे-जूनमध्ये ज्यांना महाराष्ट्र मंडळं बोलावतात ते अमेरिकेत, बाकीचे उन्हाळी वर्ग घेतात. एक काळ होता की पुण्यातले कितीतरी व्हायोलिनवाले डेक्कन क्वीननं मुंबईला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे आणि रात्री परत. वीस-तीस व्हायोलिनं एका गाण्यात लागत. सिंथेसायझर आला आणि ते काम ओसरत गेलं.

एक गंमत: शास्त्रीय कलाकाराच्या एका कार्यक्रमाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनाला जीएसटीतून सूट आहे. हा नियम मी मित्रमंडळींना वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांनी फार मोठ्यानं हसून घेतलं. आमच्याकडे शाली मात्र भरपूर. एका आयोजकांनी दिवाळी पहाटेला शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, मानधनाचा चेक शिमग्याला आला. तेव्हापासून मी निम्मी रक्कम आधी मागते. वाईट दिसतं म्हणतात. दिसू दे.

मंचावर तार तुटली तर?

बहुधा सगळ्यात बारीक तार तुटते. तबलावादकाकडे बघायचं, तो काय ते समजतो आणि ठेका सोडून मस्त पेशकार, म्हणजे तबल्याचा स्वतंत्र विस्तार, सुरू करतो. तेवढ्यात नवी तार चढवायची. नवी तार ताणते, पुढची दहा मिनिटं उतरत राहते, म्हणून त्या वेळात मंद्रातच राहायचं. एकदा श्रोत्यांनी येऊन सांगितलं की आज मंद्रात काय सुंदर काम केलंत.

शरीराला त्रास होतो का?

होतो. मान, उजवा खांदा, मांडी घालून गुडघे. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात, ते बरे असतात. ते गेले की रियाज बुडाल्याचं घरभर कळतं. मनगटात कळ येऊ लागली तर ‘रियाजानं जाईल’ असं सांगणाऱ्या थोरांचं ऐकू नका, वाजवणं थांबवून डॉक्टरांकडे जा. मी ऐकलं होतं, आठ महिने गज धरता आला नाही.

लग्नात वाजवाल का?

पंगत सुरू व्हायच्या आधी असेल तर.

माळ्यावर आजोबांचं व्हायोलिन सापडलंय. आत ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ असं लेबल आहे. आम्ही श्रीमंत झालो का?

नाही. क्रेमोनाच्या अंतोनिओ स्ट्रॅडिव्हारी (१६४४–१७३७) यांनी केलेली साधारण साडेसहाशे वाद्यं आज शिल्लक आहेत आणि त्यातली बहुतेक कुठे आहेत हे जाणकारांना ठाऊक आहे. ते लेबल कारखान्यांनी लाखो वाद्यांत चिकटवलं, नमुना कुणाचा हे सांगायला.

पण ते वाद्य फेकू नका. शंभर वर्षं जुनं जर्मन किंवा बोहेमियन व्हायोलिन असेल तर आजच्या पंचवीस हजारांच्या नव्या वाद्यापेक्षा गोड बोलू शकतं. काही गोष्टी पाळा. तारा एकदम आवळू नका, घोडी आडवी होईल. हलवल्यावर आत काही खुळखुळत असेल तर ती पडलेली साउंडपोस्ट आहे, तारा सगळ्या सैल करा, नाहीतर वरची फळी बसते. खोबरेल तेलानं पुसू नका. गज वाकलेला असेल तर ओढून सरळ करू नका. आणि माझ्याकडे आणताना व्हायोलिन ठेवायची केस साफ करू नका, आहे तशी आणा. मागच्या वर्षी एकांनी आजोबांची केस आणली, त्यात रोझिनच्या तुकड्याला चिकटलेला डेक्कन क्वीनचा पास निघाला. घरात कुणालाच माहीत नव्हतं आजोबा मुंबईला कशाला जायचे ते.